आयसीयूतल्या मुलाला दाबाच्या जखमेचा धोका किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून मुलांच्या आयसीयूत येणारे पालक आणि तिथे नव्याने रुजू झालेल्या सिस्टर्स, दोघांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. पालकांचे कुठले आणि ड्युटीवरच्यांचे कुठले, असे गट पाडलेले नाहीत. पालकांनी गुणांचा हिशेब वाचला तर बिघडत नाही, आणि सिस्टर्सनी करगोट्याचं उत्तर जरूर वाचावं.

दाबाची जखम म्हणजे बेडसोरच ना?

होय, तेच. फक्त बेडसोर म्हटलं की फुटलेली, चिघळलेली जखम डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात कातडी अजिबात न फुटताही आत इजा झालेली असू शकते. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेतल्या या विषयाच्या राष्ट्रीय मंडळाने ‘अल्सर’ शब्द सोडून ‘इंजुरी’ हा शब्द घेतला. हाड आणि गादी यांच्यामध्ये, किंवा नळी आणि हाड यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरायला लागतात. गंभीर आजारी मुलात हे काही तासांतही घडू शकतं.

पण हे तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना होतं. पाच वर्षांच्या पोराला कसं होईल?

आज्जीला वर्षभर अंथरुणात पाहिलेल्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. निरोगी मूल झोपेतही सतत कूस बदलतं, चेपलेला भाग आपोआप मोकळा होतो. आयसीयूतल्या मुलाची ही हालचालच थांबलेली असते. झोपेचं औषध चालू असतं, कधी स्नायू सैल करणारं इंजेक्शन असतं, मेंदूज्वर असतो किंवा डोक्याला मार असतो. त्यात रक्तदाब कमी असेल तर कातडीपर्यंत रक्तच नीट पोचत नाही. म्हणजे दाब तोच, पण तो सोसायची ताकद कमी झालेली.

मुलांमध्ये जखम नेमकी कुठे होते?

मोठ्या माणसात माकडहाड आणि टाचा. तान्ह्या आणि लहान मुलांत पहिल्यांदा डोक्याचा मागचा भाग, कारण शरीराच्या मानाने त्यांचं डोकं मोठं आणि जड असतं आणि तिथे चरबीचा थर जवळजवळ नसतोच. कान, खांद्यांची हाडं, टाचाही बघायच्या. मूल पालथं ठेवलं असेल तर कपाळ, गाल, हनुवटी, छाती आणि गुडघे.

आणि मग नळ्या. मुलांच्या बाबतीत खरी मेख इथेच आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णालयात भरती असलेली ६२५ मुलं पाहिली गेली. त्यांच्यात एकूण ८६ दाबाच्या जखमा आढळल्या, त्यांपैकी ६४ उपकरणांमुळे झालेल्या होत्या. नाकावरचा सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणारा, मास्क, ओठाच्या कोपऱ्यातली व्हेंटिलेटरची ट्यूब, बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब, सलाइनच्या सुईखालचा पुठ्ठ्याचा स्प्लिंट, मानेची कॉलर, बीपीचा पट्टा ही सगळी उपकरणंच. गादी कितीही चांगली आणली तरी नाकावरच्या मास्कचा दाब कमी होत नाही.

धोका मोजतात म्हणजे काय करतात?

ठरलेल्या काही गोष्टी तपासून गुण देतात. मुलांसाठी सर्वांत वापरातलं माप म्हणजे ब्रेडन क्यू. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये मोठ्या माणसांसाठी प्रसिद्ध केलेलं ब्रेडन माप घेऊन क्विग्ली आणि कर्ली यांनी १९९६ मध्ये ते मुलांसाठी बसवलं. त्यात सात बाबी आहेत: मूल स्वतःहून किती हलतं, बेडबाहेर येतं का, दुखल्याचं त्याला कळतं आणि सांगता येतं का, कातडी किती ओलसर राहते, हलवताना किती घासते, पोटात किती जातं, आणि रक्त व ऑक्सिजन पेशींपर्यंत किती पोचतो. प्रत्येक बाबीला १ ते ४ गुण. एकूण बेरीज ७ ते २८. इथे कमी गुण म्हणजे जास्त धोका, हे नव्या सिस्टर्सच्या सुरुवातीला डोक्यात उलटं बसतं. १६ किंवा त्याहून कमी आले की मूल धोक्यात धरायचं.

शेवटच्या बाबीकडे आपल्या भागात नीट बघावं लागतं. हिमोग्लोबिन १० च्या खाली, ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त वेळ, यांतलं काहीही असलं तर तिथला गुण उतरतो. मुळात रक्त कमी असलेली मुलं आपल्याकडे भरपूर येतात. रिपोर्ट फाइलला लागलेला असतो, पण गुण देताना तो उघडून बघितला जातोच असं नाही.

एखाद्या मुलाचे गुण काढून दाखवाल का?

एक कल्पित पण आपल्याकडे अगदी शक्य असलेलं उदाहरण घेऊ. पावसाळा, खानापूर तालुक्यातली वाडी, सहा वर्षांचा मुलगा जमिनीवर झोपलेला असताना रात्री मण्यार चावला. सकाळी पापण्या उघडेनात, मग श्वास अडखळू लागला. आता तो व्हेंटिलेटरवर आहे, झोपेचं औषध चालू आहे, नाकातून घातलेल्या नळीने थोडं थोडं दूध सुरू केलंय.

स्वतःहून हालचाल शून्य, म्हणून १. बेडवरच, म्हणून १. चिमटा काढला तरी प्रतिसाद नाही, १. चादर अधूनमधून ओली होते, ३. उचलताना दोघं लागतात आणि थोडं घसरतंच, २. नळीचं दूध अजून पुरेसं नाही, २. रक्तदाब, ऑक्सिजन, हिमोग्लोबिन ठीक, पण नखाचा रंग हळू परततो, ३. बेरीज १३. म्हणजे हा मुलगा धोक्यात आहे आणि ते पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवं.

आता तिसरी बाब पुन्हा वाचा. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शुद्ध जातेच असं नाही. झोपेचं औषध कमी केलं की मुलाला टाच दुखत असल्याचं कळू शकतं, पण बोट हलवूनही सांगता येत नाही. अशा मुलाला ‘शुद्धीवर आला’ म्हणून या बाबीत वरचे गुण देऊन टाकू नयेत. प्रतिविष दिल्यानंतरही हा लुळेपणा दिवसेंदिवस रेंगाळू शकतो, म्हणून १३ चे १७ व्हायची घाई कुणी करू नये.

ब्रेडन क्यूमध्ये नळ्यांचा हिशेब कुठे आहे?

कुठेच नाही. ही त्या मापातली मोठी उणीव. तीच भरून काढायला कर्ली आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ब्रेडन क्यूडी आणलं. वर सांगितलेला ६२५ मुलांचा अभ्यास त्याचाच. यात दिशा उलटी आहे: ० ते २० गुण, जास्त म्हणजे धोका जास्त, आणि १३ ला धोक्याची रेषा. अंगावरच्या प्रत्येक उपकरणाला एक गुण, जास्तीत जास्त ८. एखादं उपकरण जागचं हलवताच येत नसेल तर त्याचा वेगळा गुण. मण्यारवाल्या मुलाच्या अंगावर ट्यूब, नाकातली नळी, प्रोब, सलाइन, लघवीची नळी, बीपीचा पट्टा आणि ईसीजीच्या तारा मोजल्या तर सात झाले. १३ पैकी निम्म्याहून जास्त वाट इथेच संपली. अगदी कमी दिवसांच्या बाळापासून २१ वर्षांपर्यंत ते वापरता येतं. जन्मजात हृदयदोष असलेली मुलं ब्रेडन क्यूच्या मूळ पडताळणीत नव्हती, तीही यात बसतात.

ब्रिटनमधलं ग्लॅमॉर्गन माप याहून थेट आहे. एखादी वस्तू कातडीवर दाबत किंवा घासत असेल तर त्या एका गोष्टीचे १५ गुण. १० ला धोका सुरू होतो, १५ ला जास्त धोका, २० ला अतिशय जास्त.

मग आमच्या वॉर्डात कुठलं माप वापरावं?

माझं मत विचाराल तर क्यूडी. पण वॉर्डात आधीपासून ब्रेडन क्यू रुळलेलं असेल, सगळ्यांचा हात बसलेला असेल, तर ते मोडून नवा फॉर्म आणण्यापेक्षा त्याच कागदाखाली उपकरणांची एक ओळ वाढवा आणि प्रत्येक नळीखालची कातडी बघितल्याची सही घ्या. दोन मापं एकत्र मात्र वापरू नका. एकात कमी वाईट, दुसऱ्यात जास्त वाईट. रात्रीच्या ड्युटीत घोळ ठरलेला. ब्रेडन क्यूच ठेवलंत तर नवजात बाळांसाठी वेगळं माप घ्या, कारण मूळ ब्रेडन क्यू २१ दिवसांखालच्या बाळांवर पडताळलेलं नव्हतं.

गुण चांगले आले म्हणजे मूल सुरक्षित?

नाही हो. २००३ साली ३२२ मुलांवर ब्रेडन क्यू तपासलं गेलं. १६ च्या रेषेने पुढे जखम होणाऱ्या मुलांपैकी ८८ टक्के पकडली, म्हणजे शंभरातली बारा निसटली. उलट बाजूने, ज्यांना जखम होणार नव्हती त्यांतल्या ४२ टक्क्यांनाही तिने धोक्यात टाकलं. जास्तीची काळजी घेतल्याने कुणाचं नुकसान होत नाही. निसटलेल्या बारांसाठी मात्र एकच उपाय, रोज डोळ्यांनी कातडी बघणं.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो सलग सहा शिफ्टमध्ये तोच आकडा, त्याच पेनाने. मधल्या काळात मुलाला ताप चढून उतरलेला असतो, जुलाब सुरू झालेले असतात, ट्यूब निघून मास्क लागलेला असतो; आकडा जागचा हलत नाही. असा फॉर्म कोरा ठेवला असता तरी चाललं असतं, निदान पुढच्याला कळलं असतं की कुणी पाहिलेलं नाही.

किती वेळा तपासायचं?

दाखल झाल्यावर लवकरात लवकर, फार तर आठ तासांत. नंतर प्रत्येक शिफ्टला. आणि काहीही बदललं की पुन्हा: ऑपरेशनहून परत आलं, पालथं ठेवलं, रक्तदाबाचं औषध वाढलं, नवी नळी लागली.

पहिली तपासणी का महत्त्वाची, तर आपल्याकडे मूल आयसीयूत पोचेपर्यंत बराच प्रवास झालेला असतो. आधी गावातला दवाखाना, मग तालुक्याचं रुग्णालय, मग १०८ च्या स्ट्रेचरवर बेळगाव. अथणी किंवा कणकुंबीहून येताना हे तास कमी नसतात. दाब तेव्हापासून मोजायचा, आपल्या बेडवर आल्यापासून नव्हे.

सावळ्या मुलाच्या अंगावर लाली दिसतच नाही, मग पहिला टप्पा ओळखायचा कसा?

बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात, त्यामुळे अडचण खरी आहे. पहिल्या टप्प्यात कातडी फुटलेली नसते. बोटाने दाबून सोडल्यावर गोऱ्या अंगावरची लाली पांढरी होत नाही, हे लक्षण. सावळ्या अंगावर तो भाग भोवतालपेक्षा जांभळट किंवा गडद दिसतो, कधी रंगात फरकच नसतो. मग हाताने बघायचं. आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागतो का, कडक किंवा लुसलुशीत लागतो का, हात लावताच मूल कण्हतं का. उजेड चांगला घ्या, आणि शक्य तर उजव्या-डाव्या बाजूची तुलना करा.

दुसऱ्या टप्प्यात वरची साल जाते किंवा फोड येतो, तिसऱ्यात चरबी दिसते, चौथ्यात स्नायू किंवा हाड. न फुटलेल्या कातडीखाली गर्द जांभळा डाग असेल तर ती खोलवरची इजा, तिला किरकोळ समजू नका. ओठाच्या आत किंवा नाकपुडीत झालेल्या जखमेला टप्पा देत नाहीत, फक्त नोंद करतात.

बाळाच्या कमरेवर निळा डाग आहे. ही दाबाची जखम आहे का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात आणि काही वर्षांत आपोआप फिकट होतात. पण तो डाग नेमका माकडहाडावर असतो आणि खोलवरच्या इजेसारखा दिसतो, म्हणून दाखल होतानाच आईला विचारून लिहून ठेवायचा. आई म्हणते ‘जन्मापासून आहे’, प्रश्न मिटला. नोंद नसली तर चौथ्या दिवशी सगळ्या वॉर्डाची धावपळ.

करगोटा, ताईत, वाळे काढायला लावतात. बाळाच्या अंगावरचं असं कसं काढायचं?

आजारी बाळाला सलाइन जातं, अंग सुजतं. काल सैल असलेला करगोटा आज कमरेत रुततो, आणि चादरीखाली असल्याने कुणाला दिसत नाही. हातातले वाळे, पायातलं काळं सूत, दंडावरचा ताईत यांचंही तेच. घोणशीसारख्या सापाच्या दंशात तर सूज तासातासाला वाढते. घोणस चावलेल्या हातात कडं राहिलं तर ते पुढे कापूनच काढावं लागतं.

सिस्टर्सना एवढंच सांगणं की कात्री लावायच्या आधी आज्जीला विचारा. ताईत उशाशी किंवा बेडच्या कठड्याला बांधला तर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तुमचंही काम होतं. मुलींच्या क्लिपा, रबर, घट्ट वेण्या मात्र लगेच सोडा. डोक्यामागची जखम बऱ्याचदा त्याखालीच लपते.

मोहरीची उशी आणली तर चालेल?

घरी डोकं गोल व्हावं म्हणून आपण ती वापरतो. आयसीयूतल्या न हलणाऱ्या बाळाला नको, मोहरी एका जागी दबून घट्ट होते आणि डोकं तिथेच रुतून राहतं. रिंगसारखी गोल उशी, चुंबळीसारखा कपड्याचा वेढा, पाणी भरलेले हातमोजे हे काही ठिकाणी अजूनही दिसतात. मधला भाग मोकळा राहतो हे खरं, पण कडांवर सगळा भार येऊन रक्त अडतं. त्याऐवजी जेलची किंवा चांगल्या फोमची उशी, आणि डोकं थोड्या थोड्या वेळाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. टाचांसाठी पोटरीखाली घडी घातलेलं मऊ कापड, टाच अधांतरी राहील असं.

लाल झालेल्या जागी खोबरेल तेलाने चोळलं तर?

चोळायचं नाही. आतली सूक्ष्म रक्तवाहिनी आधीच चेपलेली असते, चोळून ती फुटते. कोरड्या कातडीला सिस्टरना विचारून हलक्या हाताने मॉइश्चरायझर लावता येतं. पावडर नको, घामात तिचे खडे होतात. जुलाब होत असतील तर झिंकचं मलम आणि ओला डायपर लगेच बदलणं. डायपरची पुरळ वेगळी, ती हाडावर नसून ओलाव्याच्या जागी पसरलेली असते.

अल्फा बेड भाड्याने आणू का?

मोठ्या माणसांसाठीची हवेची गादी लहान मुलाला सरसकट चालत नाही. तिच्या फुगणाऱ्या नळ्यांच्या मधल्या खाचेत बाळाचं डोकं किंवा टाच जाऊन बसते. गादी मुलाच्या वजनाला योग्य आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे घालवू नका.

दर दोन तासांनी कूस बदलायलाच हवी का? डॉक्टर म्हणतात मूल हलवण्याच्या स्थितीत नाही.

दोन तास हा सुरुवातीचा ठोकताळा आहे. कातडी दोन तासांतच खुणा दाखवत असेल तर लवकर, टिकत असेल तर थोडं उशिरा. हलवताच ऑक्सिजन किंवा रक्तदाब घसरणाऱ्या मुलाला पूर्ण कुशीवर वळवत नाहीत, पण खांद्याखाली छोटी घडी सरकवणं, टाच उचलून ठेवणं, डोकं दोन बोटं फिरवणं जमतं. प्रोबची जागा दर दोन ते चार तासांनी बदलणं तर कुठल्याही मुलात जमतं. हलवताना ओढायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. डोक्याकडची बाजू वर करायची असेल तर आधी गुडघ्यांखाली आधार, नाहीतर मूल खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी आतून ताणली जाते.

सिस्टर कन्नड बोलतात, मूल मराठी. दुखतंय हे त्यांना कळणार कसं?

भेटायच्या वेळेत तुम्हीच विचारा: ‘सोन्या, कुठं टोचतंय?’ आणि त्याने दाखवलेली जागा सिस्टरना बोट ठेवून दाखवा. लाजू नका. ब्रेडन क्यूच्या तिसऱ्या बाबीचे गुण मुलाला दुखणं कळतं आणि सांगता येतं का यावर ठरतात, आणि सांगूनही ऐकणाऱ्याला कळलं नाही तर मुलाच्या दृष्टीने ते न सांगितल्यासारखंच. बेळगावातल्या बऱ्याच सिस्टर्सना दोन्ही भाषा येतात. परगावच्यांना मात्र ‘दुखतंय’, ‘टोचतंय’, ‘आग होतीय’, ‘खाजतंय’ हे चार शब्द पहिल्या आठवड्यात शिकवावेत.

जखम झाली म्हणजे नर्सांचा हलगर्जीपणा?

दरवेळी नाही. रक्तदाब इतका घसरलेला असतो की जीव वाचवताना कातडीला रक्त पुरत नाही, अशी मुलं असतात. पण बहुतेक जखमा टाळता येतात, हेही तितकंच खरं. पालकांनी ‘कुणाची चूक’ यापेक्षा ‘गुण किती होते, शेवटचं कधी बघितलं, आता काय करताय’ हे विचारावं. या तीन प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये असायला हवीत आणि ती विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी आल्यावर काय बघायचं?

डोक्यामागे केस गेलेला चट्टा असेल तर तो दाखवा, कधी कधी तिथे केस पुन्हा येत नाहीत. जखमेवर हळद, दंतमंजन, पाल्याचा रस काहीही लावू नका. काळं पडलं, वास आला, पू आला किंवा ताप चढला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा, पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

मूल कोल्हापूरला किंवा हुबळीला हलवायचं ठरलं, तर काय लिहून द्यावं?

कुठल्या मापाने किती गुण, हे मापाच्या नावासकट. नुसतं ‘१३’ लिहिलं तर ब्रेडन क्यूत तो धोका आणि क्यूडीतही धोका. पण ‘१८’ लिहिलं तर एकात निश्चिंती आणि दुसऱ्यात अतिशय गंभीर. शेवटची कूस किती वाजता बदलली, कुठल्या बाजूवर ठेवलंय, कुठल्या नळीखाली खूण आहे. जखम असेल तर लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि पालकांना विचारून काढलेला फोटो, त्यावर तारीख आणि वेळ. जन्मखुणेची ओळही विसरू नका.